प्रज्ञा : आप्त की अतिथी?

ज्ञानाशी मनुष्याचे नाते कोणते असावे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. ज्ञान कसे मिळवावे, कोणते मिळवावे, त्याचा उपयोग काय, या प्रश्नांची चर्चा आम्ही विद्यार्थिदशेत ऐकली आणि पुढे पोटासाठी तीच करीत आलो. परंतु मिळविलेले ज्ञान घरात आल्यावर त्याने बसावे कोठे, ओटीवर की माजघरात, हा विचार आमच्या मनात फार उशिरा आला. आणि आला तोही आमच्या अध्यापनाच्या विषयातील ग्रंथांवरून नव्हे. ज्याला ख्रिस्ती लोक 'जुना करार' म्हणतात, त्या यहुदी लोकांच्या हिब्रू शास्त्रात 'नीतिसूत्रे' नावाचा ३१ अध्यायांचा एक ग्रंथ आहे. त्याच्या सातव्या अध्यायाच्या आरंभी एक बाप आपल्या मुलाला उपदेश करतो. प्रज्ञेला त्याने बहीण म्हणून संबोधावे आणि समंजसपणाला आपल्या आप्तांत गणावे, असे त्या उपदेशाचे तात्पर्य आहे. वरवर पाहता हा एक साधा अलंकार वाटतो. आम्हालाही पुष्कळ वर्षे तसाच वाटला.

मराठीत रूढ झालेले 'नीतिसूत्रे' हे नाव थोडे फसवे आहे. त्यावरून वाचक सुभाषितांच्या संग्रहाची अपेक्षा करतो, आणि दहाव्या अध्यायापासून पुढे बऱ्याच अंशी तसा संग्रह आहेही. परंतु पहिल्या ९ अध्यायांची घडण अगदी निराळी आहे. तेथे सुटी वचने नसून बापाने मुलाशी केलेली लांबलचक भाषणे आहेत, आणि त्यांत प्रज्ञा ही एक चालतीबोलती स्त्री होऊन वावरते. ती रस्त्यात उभी राहून हाका मारते. चव्हाट्यावर आणि नगराच्या वेशीत लोकांना अडवून बोलते. सात खांबांचे घर बांधून ती पाने मांडते आणि दासींना आमंत्रणे करावयास पाठविते. जगाच्या उत्पत्तीच्या वेळी ती ईश्वरासन्निध होती, असाही तिचा दावा आहे. हिब्रू भाषेतील 'होखमा' हा शब्द स्त्रीलिंगी आहे हे खरे. आमचे 'ज्ञान' नपुंसकलिंगी पडले, म्हणून येथे आम्ही 'प्रज्ञा' हा शब्द योजिला आहे. पण केवळ व्याकरणाच्या लिंगावरून सात खांबांचे घर उभे राहत नाही.

इतक्या थोर स्त्रीपुढे मुलाने साष्टांग नमस्कार घालावा, असे बाप म्हणाला असता तर आम्हाला नवल वाटले नसते. आपल्याकडे विद्येला देवता करून आपण तेच केले आहे. वर्षातून एकदा पाटीपुस्तकांची पूजा होते, त्या दिवशी वाचन बंद असते, आणि सर्वांनाच बरे वाटते! पूजेत आदर असतो, तसे अंतरही असते. या हिब्रू बापाने मात्र मुलाला हात जोडावयास सांगितले नाही. नाते जोडावयास सांगितले.

ते नाते नेमके कोणते, याविषयी पंडितांत मतभेद आहे. 'गीतरत्न' या प्रेमकाव्यात प्रियकर आपल्या वधूला वारंवार बहीण म्हणतो, आणि प्राचीन मिसर देशातील प्रेमगीतांतही प्रेमिकांनी परस्परांना भाऊ व बहीण म्हणण्याचा प्रघात दिसतो. नीतिसूत्रांच्याच चौथ्या अध्यायात मुलाने प्रज्ञेला कवटाळावे असे सांगितलेले आहे. यावरून येथे बहीण म्हणजे वधूच समजावी, असे काहींचे मत आहे. त्यात तथ्य नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु वचनाच्या उत्तरार्धात आप्त या अर्थी जो 'मोदा' शब्द आला आहे, तो आम्हाला अधिक बोलका वाटतो. 'जाणणे' या अर्थाच्या 'यादा' या धातूपासून तो बनला आहे. ज्याला आपण जाणतो आणि जो आपल्याला जाणतो, तो आप्त. पतिपत्नीच्या सहवासालाही हिब्रू भाषा हाच धातू वापरते. म्हणजे त्या भाषेत जाणणे ही दुरून पाहण्याची क्रिया नसून जवळ असण्याची आहे.

आपल्या 'आप्त' शब्दाचा प्रवास याच्या उलट दिशेने झालेला आहे. न्यायशास्त्रात आप्त म्हणजे ज्याचे वचन प्रमाण मानावे असा विश्वासू, यथार्थवक्ता पुरुष. मराठीत आप्त म्हणजे नातलग. तिकडे जाणण्याच्या धातूतून नातलग निघाला, इकडे ज्ञानाचे प्रमाण ठरलेला शब्द नातलगाच्या घरी जाऊन राहिला. दोन अगदी भिन्न भाषाकुलांनी ज्ञान आणि नाते यांची गाठ एकाच ठिकाणी घातलेली पाहून आम्हाला प्रथम कौतुक वाटले आणि मागाहून थोडी भीतीही वाटली. कारण ही गाठ खरी असेल, तर ज्या गोष्टी आम्ही जन्मभर जाणतो असे समजत आलो, त्यांतल्या पुष्कळशा आम्ही जाणीत नाही असे ठरते.

बापाने हे वचन कोणत्या प्रसंगी उच्चारले तेही पाहण्यासारखे आहे. लगेच पुढे तो आपण खिडकीच्या जाळीतून पाहिलेले एक दृश्य सांगतो. तिन्हीसांजेची वेळ, एक अजाण तरुण परस्त्रीच्या घराच्या वाटेने चाललेला. ती त्याला गाठते. तिचे बोलणे मोठे चतुर आहे. नवस फेडून झाले आहेत, म्हणजे धर्माचेही राहिलेले नाही; नवरा पैशांची थैली घेऊन दूरच्या प्रवासाला गेला आहे, तो पौर्णिमेशिवाय परतत नाही; शय्येवर मिसरी वस्त्रे अंथरली आहेत, सुगंध शिंपडले आहेत. तरुण तिच्या मागून जातो, बैल कसायाच्या मागून जावा तसा.

या स्त्रीच्या युक्तिवादाला बापाने उत्तर दिलेले नाही, ही गोष्ट आमच्या धंद्यातील लोकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सद्वर्तनाची दहा कारणे आम्ही वर्गात सांगू शकतो, आणि तिन्हीसांजेच्या त्या गल्लीत त्यांतले एकही आठवत नाही. हिब्रू मूळात येथे एक शब्दसाम्य आहे. जे प्रज्ञेला घट्ट धरून राहतात त्यांना ती जीवनाचा वृक्ष होते, असे तिसरा अध्याय सांगतो. आणि सातव्या अध्यायात त्याच धातूचे क्रियापद त्या परस्त्रीकडे आहे, तरुणाला घट्ट धरते ती. मोह आपल्याला स्वतःच येऊन धरतो. प्रज्ञा हाका मारते, पण धरावे आपल्याला लागते. अशा वेळी माणसाला वाचवते ते बहुधा सूत्र नसते. घरी गेल्यावर ज्याच्या दृष्टीला दृष्टी द्यावी लागेल असे कोणी तरी असते. नीतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाने सावरलेली माणसे आम्ही फार थोडी पाहिली आहेत. बहिणीला काय वाटेल, या एका विचाराने सावरलेली त्याहून अधिक पाहिली.

यावर सुशिक्षित वाचक आक्षेप घेईल, आणि तो घेण्याजोगा आहे. नाते म्हटले की पक्षपात आला. ज्ञानाने तर तटस्थ असावे, हाच इंग्रजी विद्येचा आम्हाला पहिला धडा. शिवाय नाते म्हटले की आपले आणि परके ही भिंत आली; आणि वर सांगितलेल्या वचनाच्या पुढच्याच वाक्यात परक्या स्त्रीचा धिक्कार आहे. तिसरे असे की, बहीण म्हणणे फार सोपे असते. अब्राहामाने मिसर देशात आणि पुढे गरारातही आपल्या पत्नीला बहीण म्हटले, ते स्वतःचा जीव वाचविण्यासाठी. प्रज्ञेलाही अशा भित्रेपणाने बहीण म्हणणारे थोडे नाहीत. सोय असेल तोवर ती बहीण, अडचणीची झाली की राजाच्या वाड्यात पोचवावयाची!

या आक्षेपांना तर्काने काय उत्तर द्यावे ते आम्हाला फारसे सुचले नाही. पण 'मोदा' हा विरळ शब्द हिब्रू शास्त्रात आणखी कोठे येतो हे शोधता आम्ही 'रूथ' नावाच्या चार अध्यायांच्या चिमुकल्या कथेपाशी येऊन पोचलो. तिच्या दुसऱ्या अध्यायाच्या प्रारंभी, वाचनाच्या परंपरेनुसार, बेथलेहेमच्या बवाजाला हाच शब्द लावलेला आहे: तो नामीच्या मृत पतीचा आप्त. नामीची विधवा सून रूथ ही मवाब देशची, म्हणजे परकी. बवाजाच्या शेतात ती सरवा वेचावयास जाते, आणि त्याने दया दाखविताच विचारते की, मी परकी असता माझी ओळख आपण का धरावी? 'परकी' या अर्थी तिने स्वतःला लावलेला 'नोखरिया' हा शब्द नीतिसूत्रांतील त्या परस्त्रीलाही लावलेला आहे. आप्त आणि परकी, हे तेथे एकमेकांविरुद्ध उभे केलेले दोन शब्द येथे एकाच शेतात समोरासमोर येतात, आणि कथा संपण्यापूर्वी परकी ही आप्त होते. इ. स. १००८ च्या सुमाराच्या, लेनिनग्राडच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रसिद्ध हस्तलिखितात नीतिसूत्रांच्या पाठोपाठ रूथचीच कथा येते. नीतिसूत्रांचा शेवट ज्या गुणवती स्त्रीच्या वर्णनाने होतो, तिच्यासाठी योजिलेली पदवी बवाज या मवाबी स्त्रीला देतो. खुद्द नीतिसूत्रांतही असे परके रक्त आहे. आमेनेमोपे नावाच्या मिसरी लेखकाचा उपदेशग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला, आणि पुढच्याच वर्षी एर्मान या जर्मन पंडिताने दाखवून दिले की, बाविसाव्या अध्यायाच्या मध्यापासून पुढचा भाग त्याच्याशी फारच जुळतो. मिसरी वस्त्रांपासून सावध करणारा ग्रंथ मिसरी शहाणपण मात्र घरात घेऊन बसला होता. तेव्हा नात्याची भिंत आपण समजतो तितकी पक्की नसावी.

परंतु या कथेतील आमच्या मनाला अधिक लागलेला मनुष्य बवाज नव्हे, दुसराच आहे. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे भाऊबंद दरिद्री होऊन त्याने जमीन विकली, तर ती सोडवून घेण्याचे कर्तव्य जवळच्या आप्ताचे असे. त्या सोडविणाऱ्याला 'गोएल' म्हणत. बवाजाहून जवळचा असा एक आप्त होता. वेशीत पंचांसमक्ष बवाजाने त्याला विचारले. जमीन सोडविण्यास तो तत्काळ तयार झाला. जमिनीबरोबर रूथचाही भार येतो असे कळताच त्याने आपले वतन बिघडेल म्हणून अंग काढून घेतले. कथाकाराने या गृहस्थाला शिवी दिलेली नाही. त्याचे नाव तेवढे सांगितले नाही. बवाज त्याला 'पेलोनी अल्मोनी' म्हणून हाक मारतो, म्हणजे आपला फलाणा. आमचा 'फलाणा' अरबीतून आला, आणि अरबी ही हिब्रूची बहीण. तेव्हा हा त्या पेलोनीचाच भाऊबंद. ज्याने वतन सांभाळले त्याचे नाव राहिले नाही.

जमीन घ्यावयाची आणि माणूस टाळावयाचे, हा व्यवहार ज्ञानाच्या बाबतीत आम्ही पदवीधर लोक सर्रास करतो. पदवी, पगार, सभेतील मान, एवढे शेत सोडवून घेण्यास आमची ना नसते. त्या शेताबरोबर जी विधवा येते, म्हणजे जाणलेल्या गोष्टीचे ओझे, ती दाराशी आली की आम्हाला आमचे वतन आठवते.

ईयोबाच्या ग्रंथात याचीच दुसरी बाजू आहे. मुले गेली, संपत्ती गेली, अंग फोडांनी भरले, तेव्हा त्याचे तीन मित्र सांत्वनास आले. सात दिवस ते त्याच्याजवळ जमिनीवर न बोलता बसले. तेवढे त्यांनी उत्तम केले. मग ते बोलू लागले. त्यांचे बोलणे चुकीचे म्हणावे तर त्यातली निम्मी वाक्ये नीतिसूत्रांत खपून जातील. पण प्रज्ञा त्यांच्या ओठांवर होती, नात्यात नव्हती. सतराव्या अध्यायात ईयोब खळग्याला बाप म्हणतो आणि किड्याला आई व बहीण म्हणतो. नीतिसूत्रांतील बापाने जी घडण मुलाला शिकविली, तीच ही. फक्त प्रज्ञेच्या जागी किडा आहे. एकोणिसाव्या अध्यायात तो म्हणतो की, आपल्याला जाणणारे परके झाले. आणि त्याच अध्यायात पुढे आपला गोएल जिवंत आहे हे आपण जाणतो, असेही तो बोलून जातो. जाणणे, परके, गोएल, सारे तेच शब्द. त्याचे मित्र समोर बसलेले होते, आणि त्यांच्यापैकी कोणाकडे पाहून तो हे बोलला नाही.

त्या तिघांना आम्ही हसू शकत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या धाकट्या बहिणीचे यजमान अकस्मात वारले. तिचे गाव रात्रभराच्या प्रवासाचे. इकडे परीक्षांचे दिवस. जाता आले नसते असे नव्हे, न जाण्यास कारण मिळाले. आम्ही तिला चार पानी पत्र लिहिले. इतके चांगले पत्र आमच्या हातून क्वचितच उतरले असेल. रघुवंशाच्या आठव्या सर्गात पत्नीशोकाने व्याकुळ झालेल्या अजाला वसिष्ठाने केलेला उपदेश त्यात होता, रोमच्या मार्कस ऑरेलियसचे विचार होते. वसिष्ठ यज्ञदीक्षेत असल्यामुळे स्वतः आला नव्हता, त्याने शिष्याच्या हाती निरोप धाडला होता, आणि अजाच्या भरलेल्या हृदयात त्या निरोपाला जागा मिळाली नव्हती, हे कालिदासाने तेथेच लिहून ठेवले आहे. लिहिताना आम्हाला तेवढेच आठवले नाही.

आठवड्याने तिचे कार्ड आले. "दादा, पत्र पोचले. सगळ्यांना वाचून दाखविले. मामंजींनी दोनदा वाचायला लावले, फार छान लिहिले आहे म्हणाले. तू केव्हा येतोस?" आमच्या मेजावर त्या वेळी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. ते संपवून आम्ही नऊ दिवसांनी गेलो. तिने दार उघडले, पाणी आणून दिले, मुलांना हाक मारली. पत्राचा विषय तिने काढला नाही, आम्हीही काढला नाही.