वाट्याचे कागद

25 जून 2025. माउलींची पालखी जेजुरीहून वाल्ह्याला चालली होती आणि त्याच दुपारी, आपल्या घड्याळात बारा वाजता, फ्लोरिडातून शुभांशू शुक्ला अंतराळात गेले. आम्हाला ते कळलं संध्याकाळी. राहुटीत ओली लुगडी दोरीवर टाकत होतो, तेव्हा दिंडीतल्या एका पोराने मोबाइलवर उड्डाण दाखवलं. आमचे आबा पाच एकर कोरडवाहूचे धनी. त्यांनी विचारलं, "किती लागले?" साडेपाचशे कोटी म्हणतात, पोरगं म्हणालं. आबांनी टाचेच्या फोडाला खोबरेल लावलं. "बाई, एवढ्यात आमच्या भागात किती तळी झाली असती!"

एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, म्हणून असले प्रश्न माझ्याकडे येतात. मी म्हटलं, "आबा, वीस दिवस रान सोडून चालताय, तेवढ्यात किती खुरपणी झाली असती?" सगळे हसले, आबाही. पण रात्रभर मलाच माझं उत्तर टोचत राहिलं.

प्रश्न जुना आहे. 15 जुलै 1969 ला, अपोलो 11 सुटायच्या आदल्या दिवशी, मार्टिन ल्यूथर किंग यांचे सहकारी, पाद्री राल्फ अ‍ॅबरनॅथी गरीब कुटुंबं आणि खेचरांच्या गाड्या घेऊन केप केनेडीला धडकले. नासाचे प्रमुख थॉमस पेन त्यांना भेटायला बाहेर आले. उद्या बटण न दाबल्याने गरिबी मिटणार असेल तर आम्ही दाबणार नाही, असं ते म्हणाले. अ‍ॅबरनॅथींनी त्या तिघा अंतराळवीरांसाठी प्रार्थना केली. जाऊ नका, एवढंच सांगायला ते आले नव्हते. मागे कोण राहिलं, ते दाखवायला आले होते.

यंत्र पाठवलं तर स्वस्तात होतं, हेही खरं. माणूस वर नेणाऱ्या आपल्या गगनयान मोहिमेच्या मानवरहित उड्डाणासाठी व्योममित्र हा यंत्रमानव तयार केलेला आहेच. माणूस अवकाशात पाठवण्याच्या शर्यतीत गरीब देशाने पडू नये, असं खुद्द विक्रम साराभाईंचं मत होतं. डोक्याला ते पटतं. पण विठ्ठल आता मोबाइलवर दिसतो, तरी वाट ओस पडलेली नाही. देह नेल्याशिवाय जाणं होत नाही, हे मला पायांनी शिकवलंय. त्यामुळे माणसाने वर जाऊच नये, असं मला म्हणवत नाही.

मग अडतं कुठे? तुकोबांची गोष्ट बघा. दुष्काळात घर बुडालं, बायको अन्नावाचून गेली आणि त्यानंतर या माणसाने देहूचं पडकं देऊळ बांधायला घेतलं. हिशोबी माणूस म्हणेल, आधी पोट बघ. पुढे सावकारीचे कागद इंद्रायणीत बुडवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी निम्मे कागद धाकट्या भावाला, कान्होबाला दिले. बुडवले ते आपल्या वाट्याचे. कीर्तनात हे वाक्य पटकन उरकतात. माझ्या मते सगळा धर्म तिथेच आहे. देवासाठी उधळायचं तर स्वतःचं. भावाचं त्याला विचारून.

सरकारचा पैसा म्हणजे सगळाच कान्होबाचा वाटा. गगनयानाला 2018 मध्ये 9,023 कोटी मंजूर झाले. सप्टेंबर 2024 मध्ये अंतराळस्थानकाचा पहिला भागही त्यात आला आणि आकडा 20,193 कोटींवर गेला. निर्णय मंत्रिमंडळाचा. नियमात तो बसतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण केरळातल्या थुंब्याला पहिलं रॉकेट 1963 मध्ये उडालं, त्याआधी तिथल्या चर्चची जागा हवी होती, तेव्हा बिशप पेरेरांनी रविवारच्या प्रार्थनेला जमलेल्या कोळ्यांना विचारलं होतं, असं कलाम सांगत. लोक "आमेन" म्हणाले. देवाचं घर द्यायला ती माणसं तयार झाली, कारण त्यांना कुणी तरी विचारलं.

18 ऑगस्ट 2025 ला लोकसभेत शुक्लांच्या मोहिमेवर खास चर्चा ठेवली होती. बिहारच्या मतदार याद्यांवरून गोंधळ सुरूच राहिला आणि चर्चा काही चर्चेसारखी झाली नाही. मी आबांना फोन करून हे सांगितलं. पलीकडे मोटारीचा आवाज येत होता.

"म्हंजी आपल्याला कुणी इचारलंच न्हाई म्हणा," ते म्हणाले.