दाराखालची फट

संगमनेर तालुक्यातल्या एका दूधवाल्या घरची मुलगी मुंबईत, परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकून जनावरांची डॉक्टर झाली, तेव्हा गावाला वाटलं, आता रात्री-अपरात्री गाय अडली तर हक्काचं माणूस झालं. पण बाई लागल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्याच एका संस्थेच्या ॲनिमल हाऊसमध्ये, पांढऱ्या उंदरांच्या दिमतीला. "आम्ही उसात गोळ्या टाकून मारतो, अन् ही त्यांना ताप आला का बघती," असं पारावर हसणं चालायचं.

वडील हसले नाहीत, आणि त्यांनी कधी बाजूही घेतली नाही. त्यांचं त्यांचं काम चालू असे. त्यांचा एक नेम मात्र पक्का. गाईची कास सुजली आणि सडात औषधाची ट्यूब सोडली, की डॉक्टरांनी सांगितलेले दिवस भरेपर्यंत त्या गाईचं दूध डेअरीला जायचं नाही. शेजारी म्हणायचे, एवढ्या कॅनमध्ये एका गाईचं काय कळतंय! ते म्हणायचे, "कॅनला नाही कळत. पिणाराला लागतं."

परळला शिकताना मुलीला शेजारच्या हाफकिन संस्थेचा इतिहास वाचायचा नाद लागला होता. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःलाच टोचून घेतली, हे पुष्कळांना माहीत असतं. तिला त्याहून आवडली ती गिनी पिगांची हकिकत. प्लेग पसरतो कसा, याचा शोध घेणाऱ्या आयोगाने १९०५ नंतर मुंबईतल्या प्लेगच्या घरांमध्ये गिनी पिग ठेवले. जे मोकळे सोडले होते त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा चढल्या आणि त्यांतले बरेच प्लेगने मेले. ज्यांना बारीक जाळीत ठेवलं ते त्याच घरात, त्याच हवेत वाचले. प्लेग हवेतून नाही, पिसवांतून येतो, हे पटवून देण्यात त्या जाळीचा मोठा वाटा होता. पिसू आत शिरेल की नाही, एवढ्यावर सगळं अवलंबून होतं.

ॲनिमल हाऊसचं काम बाहेरून दिसतं तसं नसतं. उंदीर दुखणं लपवतो. शिकार होणाऱ्या जातीला ते लपवावंच लागतं. त्याच्या डोळ्याभोवती लाल कड दिसली की नवे विद्यार्थी रक्त समजून घाबरतात. ते रक्त नसतं. डोळ्यामागच्या ग्रंथीचा तो स्राव. उंदराला ताण असला किंवा बरं नसलं, की तो वाढतो. शेपटीला धरून उचललेला उंदीर भेदरतो आणि भेदरलेल्या उंदराची मोजमापं वेगळी येतात, म्हणून त्याला ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचलायचं. डॉक्टरबाई हे सगळ्यांना शिकवत. बहुतेक जण मान डोलावत आणि पुन्हा शेपटीच धरत.

एके वर्षी एका वनस्पतीच्या अर्काची चाचणी चालू होती. स्तनात गाठी असलेल्या उंदरिणींपैकी निम्म्यांना अर्क पाजायचा, निम्म्यांना नुसतं पाणी. काही आठवड्यांत पाणीवाल्यांच्या गाठी भराभर वाढल्या, अर्कवाल्यांच्या रेंगाळल्या. प्रकल्पाचे प्रमुख खुशीत होते. शोधनिबंधाचा मसुदाही लिहून झाला होता.

पिंजरे धुणारे, भुसा बदलणारे एक मामा होते, अकोल्याकडचे. एका सकाळी ते सहज बोलून गेले, "मॅडम, दाराजवळच्या रॅकमधल्या रोज भुसा दाराच्या अंगाला लोटून ठेवतात. आतल्या रॅकमधल्या नाय तसं करीत."

हे वाक्य ऐकून सोडून देता आलं असतं. नोंदवहीत सगळं चोख होतं: बारा तास उजेड, बारा तास अंधार, तापमान, आर्द्रता, खाली बाईंचीच सही. बाई त्या रात्री अंधाऱ्या खोलीत जाऊन बसल्या. डोळे सरावले तसं दिसलं, की दाराखालून ट्यूबलाइटचा एक पट्टा आत येतोय आणि थेट दाराजवळच्या रॅकवर पडतोय. ट्रॉलीच्या चाकाने दाराखालची रबराची पट्टी कधीतरी फाटली होती. बाहेरच्या व्हरांड्यातला दिवा रात्रभर चालू राहत होता. आणि त्या रॅकवर होत्या सगळ्या पाणीवाल्या.

उंदराच्या मेंदूत अंधारात मेलाटोनिन तयार होतं. रात्रीचा उजेड ते दाबतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवलं होतं, की अंधाराच्या वेळी प्राणीगृहात झिरपलेल्या अंधुक उजेडानेसुद्धा उंदरांमधल्या गाठी वेगाने वाढतात. म्हणजे इथे अर्काने गाठी रोखल्या की उजेडाने दुसऱ्या वाढवल्या, हे आता कोणालाच सांगता येणार नव्हतं.

प्रमुख चिडले. आणि त्यांचा मुद्दा पोकळ नव्हता, हे मान्य करायला हवं. "रसेल आणि बर्च यांचं १९५९ सालचं तत्त्व तुम्हीच आम्हाला शिकवता ना? प्राणी टाळा, कमी करा, त्रास कमी करा. आणि आता पुन्हा तेवढे उंदीर मागता? एका फटीसाठी?"

बाई म्हणाल्या, "पहिले उंदीर गेले ते गेलेच, सर. त्यांच्या नावावर खोटं छापलं तर ते फुकट गेले. उद्या त्या आकड्यांच्या भरवशावर हा अर्क एखाद्या बाईला दिला, तर तिचे महिने जातील. ते कोणाच्या खात्यात मांडायचे?"

प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीत पशुवैद्याची जागा असते. ती सहीपुरती असते असं समजणारे पुष्कळ. बैठकीत बाईंनी भाषण केलं नाही. पट्टीचा फाटका तुकडा टेबलावर ठेवला आणि मामांना बोलावून त्यांनी काय पाहिलं ते सांगायला लावलं. मामा अडखळत बोलले. समितीने मोजक्या उंदरिणींवर दुसरी फेरी मंजूर केली. या वेळी पिंजऱ्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवल्या, दर आठवड्याला बदलल्या, दाराला नवी पट्टी बसवली.

दुसऱ्या फेरीत अर्काचा फरक इतका थोडा निघाला, की तो योगायोगानेही पडू शकला असता. अर्क पुढच्या टप्प्यावर गेला नाही. त्या वर्षी अनुदानही हातचं गेलं आणि बाईंशी काही जण बराच काळ तुटक वागले. प्रमुखांबद्दल मात्र एक सांगायला हवं. त्यांनी निबंध नव्याने लिहिला आणि पहिली फेरी का रद्द केली ते त्यात स्पष्ट शब्दांत मांडलं. असं लिहायला धारिष्ट लागतं, कारण फसलेला प्रयोग कोणी मिरवत नाही.

त्या निबंधाच्या शेवटी, आभारांच्या यादीत मामांचं नाव आहे. मामा अजून कंत्राटावरच आहेत.