झूल आणि खोगीर

घोड्याच्या तोंडी लेखक ‘मी’ घालतो तेव्हा बोलतं कोण? इंग्लंडच्या अ‍ॅना स्यूएलने १८७७ मध्ये ‘ब्लॅक ब्यूटी’ प्रसिद्ध केली ती घोड्याची आत्मकथा म्हणून. आपण घोड्याच्या भाषेतून फक्त अनुवाद केला, असा मिस्कील दावाही सोबत होता. चौदाव्या वर्षी पाय दुखावल्यापासून तिला धड चालता येत नसे. बाहेरचं हिंडणंफिरणं तट्टाच्या गाडीतून. ज्याच्यावाचून तिचं अडत होतं, त्याचंच वकीलपत्र तिने घेतलं. गाडीला जुंपलेल्या अशा एका तट्टाला, कल्पनेतच, बोलू दिलं तर ते पहिल्यांदा हेच म्हणेल: “वकिलाने पक्षकाराला एकदा तरी विचारायचं होतं.”

यावर माझं उत्तर मानेपासून सुरू होतं. घोड्याची मान ऐटीत वर राहावी म्हणून त्या काळी एक जादा लगाम आवळून बांधत. चढावर ओझं ओढताना घोडा मान खाली घालून अंगाचा भार पुढे टाकतो. नेमकं तेच हा लगाम करू देत नाही, शिवाय श्वास कोंडतो. हे कळायला घोड्याचं मन वाचावं लागत नाही, चढावरची मान पाहिली तरी पुरतं. स्यूएल इथे पक्की आहे. शरीराचं दुखणं दोघांनाही असतं, आणि तिच्या तर पायातच होतं.

“मान कबूल,” तट्टू म्हणेल, “पण पुस्तकातला घोडा चांगल्या मालकाला जीवही लावतो. ते कशावरून?” इथे मला माघार घ्यावी लागते. बर्लिनचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवी. १९०७ मध्ये ऑस्कर फुंग्स्टने दाखवलं, की तो आकडे मोजत नव्हता. उत्तर जवळ आलं की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हले, ते पाहून तो थांबे. लोक ही हान्सची फजिती म्हणून सांगतात. मला ती मालकाची वाटते: वर्षानुवर्षं शिकवूनही आपलं अंग काय बोलतं, हे त्याला ठाऊक नव्हतं, घोड्याला होतं. म्हणजे तट्टू शांतपणे पुढ्यात येऊन उभं राहतं ती माया, की आपल्या मनातलं ओळखून दिलेलं उत्तर? बाहेरून दोन्ही सारखीच. आणि ज्याचा चेहरा वाचला जातोय, त्या घोडेप्रेमी माणसाचीच साक्ष यात सर्वांत कच्ची.

मग लेखकाने गप्प बसावं? हा आक्षेप प्रामाणिक दिसतो, पण त्याचा फायदा चाबूकवाल्याला होतो. शिवाय विचारता येतच नाही असंही नाही. नॉर्वेतल्या संशोधकांनी २३ घोड्यांना पाट्यांवरच्या तीन खुणा शिकवल्या: झूल घाला, झूल काढा, आहे तसं राहू द्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात घोड्यांनी थंडी-पावसात झूल मागितली, चांगल्या हवेत काढायला सांगितली. इथे विचारणाऱ्याला कोणतंही उत्तर चालणार होतं, म्हणून मी या साक्षीला मोल देतो. उरलेलं, घोड्याच्या कृतज्ञतेचं वगैरे, अक्षरशः खोगीरभरती.

“चौथी पाटी कुठे होती? खोगिराची?”

नव्हती. झूल नको म्हटल्याने माणसाचं काही अडत नाही, खोगीर नको म्हटलं तर अडतं. अपंग स्यूएलला हा प्रश्न विचारणं क्रूर वाटेल, हेही मी मांडून पाहतो. तट्टू ऐकून घेतं. “तिची गरज खरी होती,” ते म्हणतं, “म्हणून माझी संमती खरी होत नाही. गाडी ओढवून घ्या, पण मीच ती हौसेने ओढतो असं माझ्या नावावर लिहू नका.”

१८७८ मध्ये स्यूएल वारली. अंत्ययात्रेच्या घोड्यांना तोच लगाम आवळलेला पाहून आईने तो काढायला लावला, असं तिचे चरित्रकार सांगतात. तट्टाला हे सांगितलं तर ते मान डोलावेल आणि विचारेल, “नंतर शवगाडी कोणी ओढली?”