आपल्याभोवती वावरणारे जीव



मंचरहून घोडेगाव आणि डिंभे ही गावे मागे टाकीत रस्ता भीमाशंकरच्या दिशेने चढू लागला की एका बाजूस घोड नदीवरील धरणाचे पाणी दिसते, दुसऱ्या बाजूस भातखाचरे आणि हिरड्याची झाडे. काही वर्षांपूर्वी श्रावणातील एका संध्याकाळी या रस्त्यालगतच्या एका वस्तीवर, एका शेतकरी मुस्लिम कुटुंबाकडे मी मुक्कामास होतो. त्या रात्री व दुसऱ्या दिवशी जे घडले, ते आज आपणापुढे ठेवीत आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, आणि ती सांगितल्याशिवाय या विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही.

मगरीबच्या नमाजनंतर आम्ही पडवीत बसलो होतो. बाहेर पावसाची झड होती आणि घरातील प्रत्येकजण आपापल्या लाडक्या जनावराविषयी बोलत होता. दादींची तांबूस मांजर होती. दादी नमाजसाठी जानमाज अंथरू लागल्या की ती आधीच येऊन कडेला बसायची आणि त्यांनी सलाम फेरल्याशिवाय हलायची नाही. मात्र नमाज संपताच दुधाच्या भांड्याकडे अशी बघायची, जणू इतका वेळ सब्र केल्याचा मोबदला मागते आहे. घरची म्हैस फक्त सुनेलाच पान्हा सोडी. दुसऱ्या कोणी कासेला हात लावला की दूध चोरून धरी. म्हणून सून माहेरी जायची तर आपले एक जुने लुगडे सासूकडे ठेवून जाई. ते अंगाभोवती गुंडाळून दादी धार काढायला बसत. आणि एक बोकड होता, जो दप्तरातील वह्या खाण्यात इतका तरबेज की, शाळेतील गुरुजींना त्या घरच्या मुलांची ही सबब आता खरी वाटू लागली होती. सारे हसत होते. मीही हसत होतो.

दहा वर्षांच्या धाकट्या मुलाचा जीव मात्र मोतीवर होता. मोती हा त्यांचा राखणीचा कुत्रा. सकाळी मुलाला एसटीच्या थांब्यापर्यंत पोहोचवायचे, गाडी वळणाआड जाईपर्यंत उभे राहायचे आणि संध्याकाळी गाडीच्या वेळेला पुन्हा तेथे हजर व्हायचे, हा त्याचा नेम. सुट्टीच्या दिवशीही तो थांब्यावर जाऊन येई. त्याला रविवार कळत नाही, असे मुलगा मोठ्या मायेने सांगत होता.

मोती त्या वेळी गोठ्यामागच्या जांभळीला साखळीने बांधलेला होता. एरवी तो रात्री मोकळा असे. त्या दिवशी मौलाना पाहुणे आले होते. त्यांच्या कपड्यांना कुत्र्याने तोंड लावू नये, म्हणून यजमानांनी त्याला बांधून ठेवले होते.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बिबट्या ही रोजच्या जगण्यातील गोष्ट आहे. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला, आणि उसाच्या दाट फडात बिबट्याची मादी पिल्ले वाढवू लागली. जुन्नरजवळ माणिकडोह येथे बिबट्यांसाठी निवारा केंद्र उभारावे लागले, यावरून या प्रश्नाची व्याप्ती लक्षात यावी. रात्री उघड्यावर बांधलेली शेळी किंवा कुत्रा हे बिबट्याचे सर्वांत सोपे भक्ष्य. मोकळे जनावर निदान पळू शकते, घरात शिरू शकते. बांधलेले जनावर काय करणार?

फजरच्या वेळी पडवीत आलो, तेव्हा जांभळीखाली तुटलेली साखळी पडली होती आणि मुलगा पावसात उभा होता. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो, "रडू नकोस बाळ. कुत्रंच तर होतं. अब्बा दुसरं आणतील."

मुलाने रडणे थांबवले. माझ्याकडे एकदा पाहिले आणि घरात निघून गेला. त्याचे दुःख हलके झाले, असे मला वाटले. वास्तविक त्याने फक्त आपले दुःख माझ्यापासून लपवले होते.

बंधू-भगिनींनो, नमाजनंतर तसबीह हातात घेऊन बसलो असता मला एका लहान मुलाची आठवण झाली. हजरत अनस (रजि.) यांचा धाकटा भाऊ अबू उमैर. नुकतेच दूध सुटलेले ते बालक. त्याच्यापाशी नुगैर नावाचा एक लहानसा पक्षी होता, ज्याच्याशी तो खेळत असे. आदरणीय पैगंबर (स.) त्या घरी येत, तेव्हा मुलाशी थट्टामस्करी करीत. एके दिवशी ते आले तो मूल उदास दिसले. पक्षी मेल्याचे त्यांना सांगण्यात आले. तेव्हा प्रेषितांनी (स.) त्या मुलाला मोठ्या माणसासारखे 'अबू उमैर' असे संबोधून त्याच्या नुगैरची विचारपूस केली. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आली आहे.

विचार करा, हे कोण होते? ज्यांच्या खांद्यावर अवघ्या मानवतेच्या मार्गदर्शनाचा भार होता, ज्यांच्या दारी शिष्टमंडळे येत होती आणि ज्यांच्या विरोधात सैन्ये जमत होती, त्यांना एका बालकाच्या पक्ष्याचे नाव ठाऊक होते. 'पक्षीच तर होता', असे ते म्हणाले नाहीत. दुसरा आणून देण्याचे आमिषही त्यांनी दाखवले नाही. त्यांनी त्या दुःखाला आपल्या संभाषणात जागा दिली. हिजरीच्या 4थ्या शतकातील शाफई विद्वान इब्नुल-कास यांनी केवळ या एका छोट्या हदीसवर स्वतंत्र पुस्तिका लिहून सुमारे 60 बोध काढले आहेत. मला त्या सकाळी त्यांतील एकच बोध पुरेसा होता. मी मौलाना होतो, मला ही हदीस पाठ होती, आणि वेळ आली तेव्हा माझ्या तोंडून तिच्या नेमके उलट शब्द निघाले होते.

आपल्या घरांतून असे शब्द किती सहज निघतात! मूल मांजरासाठी रडते, तेव्हा आपण त्याला हसतो. ज्या वयात अंतःकरणात दया रुजते, त्याच वयात आपण ते अंकुर तुडवतो आणि पुढे हेच मूल वृद्धापकाळी आपल्याशी कोरडेपणाने वागले की नवल करतो.

सहाबांच्या नावांकडेच पाहा. सर्वाधिक हदीसींचे कथन करणारे सहाबी कोण? 5374 हदीसी ज्यांच्या नावे सांगितल्या जातात, ते हजरत अबू हुरैरा (रजि.). त्यांचे मूळ नाव विसरले गेले आणि 'मांजराच्या पिल्लाचा पिता' हे नाव कयामतपर्यंत राहिले. घरच्या शेळ्या चारताना ते एका मांजरीच्या पिल्लाला सोबत नेत व त्याच्याशी खेळत, म्हणून लोकांनी हे नाव दिले. आणि अल्लाहची योजना पाहा. दोन प्रसिद्ध हदीसी आपणापर्यंत पोहोचवणाऱ्यांत हेच अबू हुरैरा (रजि.) आहेत. पहिली हदीस त्या माणसाची, जो तहानेने व्याकूळ होऊन विहिरीत उतरला आणि वर आल्यावर चिखल चाटणारा कुत्रा दिसताच पुन्हा उतरला, आपल्या मोज्यात पाणी भरून, ते दातांत धरून वर आला व त्या जनावराला पाजले. अल्लाहने त्याची कदर केली व त्याला क्षमा केली. सहाबांनी विचारले की, जनावरांच्या बाबतीतही आम्हाला पुण्य मिळते काय? उत्तर मिळाले की, प्रत्येक सजीवाच्या बाबतीत मोबदला आहे. दुसरी हदीस त्या स्त्रीची, जिने मांजरीला बांधून ठेवले. तिला स्वतः खाऊ घातले नाही आणि जमिनीवरचे किडेमुंग्या खाऊन जगण्यासाठी मोकळेही सोडले नाही. त्या मांजरीपायी ती नरकाग्नीस पात्र ठरली.

या दुसऱ्या हदीसीवर मी अनेकदा प्रवचन दिले होते. त्या सकाळी तुटलेल्या साखळीकडे पाहताना प्रथमच माझ्या लक्षात आले की, तिच्यात दोन गोष्टी एकत्र आहेत: बांधणे आणि बांधलेल्याची जबाबदारी न घेणे. जो जीव आपण बांधतो, त्याची भूक, तहान आणि त्याचे भय ही आपली अमानत होते. मोकळ्या जनावराचा रक्षणकर्ता त्याचे पाय आणि त्याचे पंख असतात. बांधलेल्याचे पाय आपण काढून घेतलेले असतात.

मी मुलाजवळ जाऊन बसलो आणि म्हणालो, "मोतीबद्दल अजून सांग. मला ऐकायचं आहे." बराच वेळ तो बोलला नाही. मग हळूहळू बोलू लागला. मोती पिल्लू असताना भाताच्या कणगीत कसा झोपायचा, विजा कडाडल्या की पलंगाखाली कसा घुसायचा. शेवटी त्याने विचारले, "मौलानासाहेब, तुम्ही आला होता म्हणून बांधलं ना त्याला?"

दारात त्याचे वडील उभे होते. ते घाईने पुढे होऊन म्हणाले, "साखळी मी बांधली, मौलाना. तुमचा काय दोष?"

मी म्हटले, "बाळ, तू म्हणतोस ते खरं आहे. माझ्या कपड्यांसाठी त्याला बांधलं होतं. तुझ्या अब्बांची निय्यत वाईट नव्हती, आणि कर्मे निय्यतवर अवलंबून असतात. पण इतका विचार आम्हा मोठ्यांना सुचायला हवा होता. मला माफ कर." त्या मुलाने मान हलवली आणि माझा हात धरला.

येथे एका गैरसमजाविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. शरीअतने विनाकारण कुत्रा पाळण्यास मनाई केली आहे. परंतु शिकार, गुरांची राखण आणि शेताची राखण यांसाठी हदीसनेच अनुमती दिली आहे. कुत्र्याने तोंड घातलेले भांडे सात वेळा धुण्याचा आदेश आहे. हे सर्व नियम आपल्या शुद्धतेचे आहेत. त्या जनावराला तुच्छ लेखण्याचा, दगड मारण्याचा किंवा उपाशी ठेवण्याचा परवाना त्यांत कोठेही नाही. ज्याच्या लाळेविषयी इतका कडक नियम, त्यालाच पाणी पाजल्याबद्दल क्षमा मिळाल्याची शुभवार्ताही त्याच पैगंबरांनी (स.) दिली आहे. आणि कुरआनच्या सूरह कहफमध्ये गुहेतील श्रद्धावंत तरुणांचा उल्लेख येतो, तेव्हा उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला त्यांचा कुत्राही त्यांच्याबरोबर स्मरला जातो. कपडा धुता येतो. एखाद्या जिवाची हेळसांड कशाने धुणार?

मांजरीच्या बाबतीत तर अधिकच सुंदर शिकवण आहे. हजरत अबू कतादा (रजि.) यांच्यासाठी सुनेने वुजूचे पाणी ठेवले होते. मांजर पिऊ लागली, तेव्हा त्यांनी भांडे तिच्याकडे कलते केले. सून आश्चर्याने पाहू लागली. त्यांनी प्रेषितांचे (स.) कथन सांगितले की, मांजर अपवित्र नाही, ती तुमच्याभोवती वावरणाऱ्यांपैकी आहे. घरात वावरणाऱ्यांत तिची गणना झाली. घरातल्या घटकाला जे मिळावे, ते तिला मिळावे.

आता आपल्या भागातील काही गोष्टींकडे वळू या. जुन्नर, आंबेगाव, खेडचा हा पट्टा बैलगाडा शर्यतींचा आहे. 2014मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली, डिसेंबर 2021मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे 2023मध्ये घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरवला. कायद्याने दार उघडले, तरी श्रद्धावंताने आपल्या मनाला विचारावे: माझा बैल माझ्या प्रेमाने पळतो की टोचणीच्या भयाने? एका अन्सारीच्या बागेतील उंट प्रेषितांना (स.) पाहून अश्रू ढाळू लागला, तेव्हा त्यांनी त्याच्या कानामागून हात फिरवून त्याला शांत केले आणि मालकाला बोलावून ताकीद दिली की, त्याला उपाशी ठेवतोस व राबवून थकवतोस, अल्लाहचे भय बाळग.

दुसरी गोष्ट म्हणजे, प्रत्येक आवडता जीव पाळण्यासाठी नसतो. भीमाशंकरच्या अभयारण्यात शेकरू आहे, महाराष्ट्राचा राज्यप्राणी. उंच झाडांच्या शेंड्यावर काटक्या-पानांची घरटी बांधणारी ही मोठी खार क्वचितच जमिनीवर उतरते. तिचे पिल्लू पकडून आणणे किंवा रानातील पोपट पिंजऱ्यात कोंडणे हा 1972च्या वन्यजीव कायद्यानुसार गुन्हा तर आहेच. प्रेषितांच्या (स.) प्रवासातही सहाबांनी एका पक्षिणीची पिल्ले उचलली आणि ती पंख फडफडवू लागली, तेव्हा तिची पिल्ले परत करण्याचा आदेश झाला होता.

आणि तिसरी गोष्ट बकरी ईदची. घरी वाढवलेल्या बोकडावर मुलांचा जीव जडतो. त्यांचे अश्रू पाहून आपण संकोचतो किंवा रागावतो. दोन्हींची गरज नाही. प्रिय वस्तू अल्लाहच्या मार्गात देणे, हाच तर कुर्बानीचा अर्थ. मुलांना तो मायेने समजावा. सुरी आधीच धारदार करून ठेवा, जनावराला ती दाखवू नका, एकासमोर दुसऱ्याला जिबह करू नका. शेवटच्या क्षणापर्यंत दया, हाच शरीअतचा नियम.

पुढील वर्षी मी पुन्हा त्या वस्तीवर गेलो. गोठ्याला जाळी आणि दार बसले होते. रात्री गुरे, शेळ्या आणि एक नवे काळे पिल्लू आत सुरक्षित होते. साखळी कोठेही दिसली नाही. जेवताना ते पिल्लू माझ्याजवळ येऊ लागले, तेव्हा मुलाने त्याला हलकेच उचलून दूर नेले आणि म्हणाला, "मौलानांचे कपडे पाक राहू देत. तू माझ्याजवळ बस." शुद्धतेचा नियमही पाळला गेला आणि दयाही. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला जे साधले, ते मला साधले नव्हते.

कुरआनने सूरह अन्आममध्ये पृथ्वीवर चालणाऱ्या प्राण्यांना व पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांना आपल्यासारखेच समुदाय म्हटले आहे. आज घरी गेल्यावर आपल्या दाराशी, गोठ्यात, छपरावर वावरणाऱ्या या समुदायाकडे एकदा पाहा. पाण्याचे भांडे भरलेले आहे काय? रात्रीचा निवारा आहे काय? आणि एखादे मूल त्यांच्यापैकी कोणासाठी रडत असेल, तर त्याच्याजवळ बसून विचारपूस करा. ही सुन्नत आहे.

हे अल्लाह, आमच्या हवाली केलेल्या मुक्या जिवांच्या बाबतीत आमच्या हातून घडलेल्या चुका क्षमा कर. आमच्या मुलांच्या अंतःकरणातील दया जिवंत ठेव, आणि ती आमच्याकडून विझू देऊ नकोस. आम्ही तुझ्या निर्मितीवर दया करावी आणि तू आमच्यावर दया करावीस. आमीन.