काम काय करता?

कर्वेनगरात हल्ली कुठल्याही गल्लीत शिरलं की जुनी सोसायटी पाडून तिथं नवी उंच इमारत चढत असलेली दिसते. १९०० साली महर्षी कर्वे यांनी अनाथ बालिकाश्रम इथं हलवला तेव्हा हिंगण्याचा हा सगळा माळ होता. आता सकाळी दहा वाजले की वरच्या कुठल्या तरी मजल्यावर फरशी कापायचं कटर सुरू होतं आणि आपण खिडक्या लावून घेतो. कापणारा तरुण मात्र त्या पांढऱ्या धुरळ्यातच उकिडवा बसलेला असतो. नाकाला रुमाल, भुवया पिठाच्या गिरणीतल्या माणसासारख्या पांढऱ्या.

त्या धुरळ्यात सिलिका असते. ती ग्रॅनाइटमध्ये असते, टाइल्समध्ये असते, वाळूत तर असतेच. डोळ्यांना दिसणारे कण नाकात आणि घशात अडकतात. जे दिसत नाहीत तेच फुप्फुसाच्या अगदी आतपर्यंत जातात आणि तिथं कायमचे व्रण करतात. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही, आणि काम सोडल्यावरही वाढत राहू शकतो. रुमालानं हे कण अडत नाहीत. पात्यावर पाण्याची बारीक धार सोडली तर बराचसा धुरळा जागच्या जागी बसतो, पण पाणी सोडलं की चिखल होतो, वायर सांभाळावी लागते, वेळ जातो. म्हणून कोरडंच कापतात.

पुढं काही वर्षांनी खोकला सुरू होतो, दम लागतो. माणूस दवाखान्यात जातो. छातीचा फोटो पाहून क्षयाची शंका येते, आणि ती चुकीचीच असते असंही नाही, कारण सिलिकानं फुप्फुसं खराब झालेल्यांना क्षय लवकर गाठतो. क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. जरा बरं वाटलं की तो पुन्हा कटर हातात घेतो. काम काय करता, हे केसपेपरवर लिहिलेलंच नसतं.

हा प्रश्न वैद्यकात आणायचं श्रेय बर्नार्डिनो रामाझिनी या इटालियन वैद्याला दिलं जातं. त्याच्या घरचा मैलाखड्डा उपसायला आलेला माणूस जिवाच्या आकांतानं भराभरा काम करत होता. इतकी घाई कशाला, असं रामाझिनीनं त्याला विचारलं. या खड्ड्यात चार तासांहून जास्त राहिलं की काय होतं ते उतरल्याशिवाय कळायचं नाही, डोळे जातात, असं त्यानं सांगितलं. त्या बोलण्यानं रामाझिनी हलला. मग तो कुंभार, गवंडी, लोहार, धोबिणी अशा कितीतरी कष्टकऱ्यांच्या दुखण्यांचा माग काढत गेला. १७०० मध्ये त्याचा ग्रंथ निघाला. रोग्याला पूर्वापार जे विचारलं जातं त्यात ‘तुझा धंदा काय’ हेही विचारा, असं त्यानं त्यात वैद्यांना सांगितलं. याला सव्वातीनशे वर्षं झाली.

पुण्यात हा प्रश्न मनापासून विचारणारा एक डॉक्टर होऊन गेला. बाबा आढाव तरुणपणी नाना पेठेत दवाखाना चालवत. भुसार बाजार तेव्हा त्याच भागात होता, त्यामुळं पाठ, कंबर, गुडघे धरून हमाल त्यांच्याकडं यायचे. तेव्हा पोतं शंभर किलोचं असायचं. मलम आणि गोळ्या देऊन ही दुखणी हटणार नाहीत, कारण ती पोत्यातून येतात, हे बाबांनी ओळखलं. पन्नासच्या दशकाच्या मध्यावर हमाल पंचायत उभी राहिली. १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी कायदा आला आणि हमालाला भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधपाण्याची सोय मिळण्याचा रस्ता उघडला. पोत्याचं वजन निम्म्यावर यायला मात्र फार वर्षं भांडावं लागलं. २०२५च्या डिसेंबरात बाबा गेले. पाठदुखीवरचा इलाज बाजार समितीच्या दारात बसून मिळवावा लागतो, हे त्यांच्याइतकं स्पष्ट मला दुसऱ्या कुणी दाखवलेलं नाही. सिमेंटचं पोतं आजही पन्नास किलोचं असतं आणि लिफ्ट बसायच्या आधी ते जिन्यानं, माणसाच्या डोक्यावरूनच वर जातं. युरोपात ते बहुतेक ठिकाणी पंचवीस किलोचं मिळतं.

हमाल निदान एका बाजारात, एकमेकांच्या नजरेसमोर असतात. रिक्षावाला एकटा असतो. मध्यंतरी आमच्या स्टँडवरच्या एका काकांच्या रिक्षात बसले होते. सीटवर चादरीची घडी, खाकी शर्टावरून कमरेला रुंद पट्टा. स्पीडब्रेकर आला की ते दोन्ही हातांवर भार देऊन अंग किंचित उचलत आणि पलीकडं गेल्यावर परत टेकत. गर्दीत क्लच दाबून दाबून डाव्या हाताचं मनगट सुजलेलं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, “मणक्यातली गादी सरकलीय, ताई. डॉक्टर म्हणतात दोन महिने रिक्षा बंद ठेवा. हप्ता बंद ठेवतोय का कुणी?” मग म्हणाले, मुतखडाही झालाय, कारण ते दुपारी घरी जाईपर्यंत पाणीच पीत नाहीत. प्यालं तर जायचं कुठं?

हे मी विसरू शकत नाही. एप्रिलच्या उन्हात माणूस तहान मारून गाडी चालवतो, कारण स्टँडच्या आसपास त्याला हक्कानं जाता येईल असं शौचालय नाही. या आजाराचं नाव मुतखडा, पण कारण रस्त्यावर आहे.

नुसतं बसून राहणंही शरीर सोसत नाही. जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसचे ड्रायव्हर आणि कंडक्टर यांची तुलना करून १९५३ मध्ये निष्कर्ष मांडला. एकच बस, तेच रस्ते. तरी दिवसभर जिने चढणाऱ्या कंडक्टरांपेक्षा बसून गाडी चालवणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त होत होता. वारज्याकडं जाणाऱ्या बसचा ड्रायव्हर कर्वे रस्त्याच्या कोंडीत इंजिनाच्या धगीजवळ बसलेला दिसला की मला हे आठवतं.

मोटार वाहतूक कामगारांसाठी १९६१चा कायदा आला, आठ तासांचा दिवस आणि अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा सांगणारा. पण २०२५पर्यंत चाललेला तो कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनांचा होता. स्वतःचीच रिक्षा चालवणारा त्यात बसत नव्हता, तो चौदा तास चालवो की सोळा. नुकसानभरपाईच्या १९२३च्या कायद्याला व्यवसायजन्य रोगांची यादी जोडली गेली, त्यात सिलिकोसिस आला, शिशाची विषबाधा आली. झिजलेला मणका त्यात नव्हता. आणि सिलिकोसिस यादीत असूनही कटरवाल्या पोराच्या हाती काय लागणार? आज कर्वेनगर, पुढच्या महिन्यात बावधन, मग हिंजवडी. ठेकेदार दर वेळी वेगळा. कुठल्या इमारतीची धूळ त्याच्या छातीत आहे, हे तो सिद्ध कसं करणार?

बांधकामावरच्या बायांचं तर कुणी विचारतही नाही. ओल्या सिमेंटमध्ये अल्कली असते, क्रोमियम असतं. त्यानं तळहात आणि बोटांच्या बेचक्या फुटतात, खाज येते, चट्टे उठतात. त्याच हातांनी संध्याकाळी भाकरी थापायची आणि रात्री खोबरेल चोळून झोपायचं.

आमच्या भागात पुनर्विकासाच्या करारावर महिनोन्‌महिने खल चालतो. कार्पेट किती वाढणार, पार्किंग किती, कॉर्पस किती, भाडं किती महिन्यांचं. याच कागदात आणखी काही ओळी मला हव्या आहेत. फरशी ओलीच कापायची. कापणाऱ्याला कापडी रुमाल चालणार नाही, नीट बसणारा मास्क द्यायचा. पोती यारीनं चढवायची. सिमेंट कालवणाऱ्यांना रबरी हातमोजे द्यायचे. पहिल्या दिवसापासून बायांसाठी वेगळं, आतून कडी लागणारं शौचालय उभं करायचं. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणीसाठी नव्वद दिवसांच्या कामाचा दाखला लागतो, तो ठेकेदारानं न मागता द्यायचा. आणि इमारत उभी राहिल्यावर वॉचमनसाठी बांधलेलं शौचालय स्टँडवरच्या रिक्षावाल्यांना आणि पार्सल घेऊन येणाऱ्या पोरांनाही उघडं ठेवायचं. करारावर सह्या होईपर्यंत बिल्डर सभासदांचं सगळं ऐकून घेतो, नंतर त्याला फोन लागत नाही. तेव्हा हे सह्या व्हायच्या आत, येत्या सर्वसाधारण सभेतच मांडायला हवं.