भूक नसलेला मासा

भुकेल्याला आमिष दाखवायला अक्कल लागत नाही. अक्कल लागते ती ज्याचं खाणंच सुटलंय त्याच्यासाठी. असा एक मासा उत्तर पॅसिफिकच्या काठच्या नद्यांमध्ये, ओरेगॉन-वॉशिंग्टनपासून ब्रिटिश कोलंबिया आणि वर अलास्कापर्यंत, दर साल पावसाळी थंडीच्या तोंडावर चढतो. कोहो त्याचं नाव. साल्मनच्या कुळातला, अंगाने चंदेरी. नदीच्या गोड्या पाण्यात जन्मतो, वर्ष-दीड वर्ष तिथं काढून समुद्रात जातो, खाऊन-पिऊन दणकट होतो आणि बहुधा तिसऱ्या वर्षी अंडी घालायला आपल्याच नदीत परततो. नदीत शिरला की अन्नावरची वासना उडते. जठर आक्रसत जातं. अंगातल्या चरबीवर उरलेला प्रवास करायचा, वीण झाली की मरायचं. या हिशेबात जेवण कुठंच बसत नाही.

आणि नेमका हाच मासा धरायला तिकडे माणसं पहाटे गमबूट चढवून गुडघाभर गार पाण्यात उभी राहतात.

मला या गोष्टीची गंमत वाटत आली आहे. संथ डोहात, पडलेल्या ओंडक्यांच्या आडोशाला कोहोंचा थवा डोळ्यांना दिसत असतो. मासे उड्या मारतात, पाठी दाखवतात, पण गळाकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्यांची दातखीळ बसलीय, असं तिकडचे गळवाले म्हणतात. मग एकेक युक्ती सुरू होते. पात्याची छोटी फिरकी पाण्यातून लुकलुकत ओढायची. ती चालली नाही तर शिशाच्या डोक्याचा, पिसांचा झुबका बांधलेला गळ टाकायचा, तो बुडू द्यायचा, काठीच्या टोकाने एक झटका द्यायचा आणि पुन्हा बुडू द्यायचा. मासा बहुतेक वेळा त्या बुडण्यातच धरतो, झटक्यात नाही, म्हणून दोरी सैल पडली रे पडली की लक्ष दोरीवर ठेवायचं. पाणी नितळ असेल तर आमिष लहान आणि गडद, काळं किंवा जांभळं. पाऊस पडून गढूळ झालं तर गुलाबी, पिवळं, भडक. डोहात पहिल्या चार-दोन फेकींना जे होईल ते होईल. नंतर मासे सावध होतात. मग तेच ते फेकत बसण्यापेक्षा रंग बदलायचा, नाहीतर डोहाला विश्रांती देऊन पुढे सरकायचं. उजाडायच्या वेळेला आणि पावसाने नदी चढून उतरू लागली की आशा जास्त, कारण तेव्हा समुद्रातून ताजे मासे आलेले असतात.

एवढं करून मासा लागतोच, तर का लागतो? भुकेने तर नव्हे. जुन्या सवयीने चावत असेल, असं काही म्हणतात. पण मुरलेल्या गळवाल्यांचं लाडकं उत्तर वेगळं आहे : तो चिडतो. आडोशाला आपण निवांत पडलेलो असताना कुणीतरी रंगीबेरंगी आगाऊ वस्तू तोंडासमोरून जाते, परत येते, पुन्हा जाते. कोहोला हात नाहीत. तिला हाकलायचं तर तोंडानेच हाकलावं लागतं, आणि तिथं तो अडकतो.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आठवला. वार्षिक सभेची नोटीस, लेखापरीक्षणाचा अहवाल, पाण्याच्या टाकीच्या सफाईची तारीख, यांतलं काहीही टाका, ग्रुप ढिम्म. कोरम भरत नाही म्हणून सभा अर्धा तास तहकूब करून त्याच चार टाळक्यांनिशी पुन्हा भरवावी लागते. पण कुणी नुसतं एवढंच लिहावं की ‘पाहुण्यांच्या पार्किंगमध्ये कालपासून कुणाची तरी गाडी उभी आहे’, की बघा. ज्यांनी कधी ‘नमस्कार’ला अंगठा दाखवला नाही ती माणसं रात्री साडेअकराला परिच्छेदच्या परिच्छेद लिहितात. मीही लिहिलेत. पोटाची गरज म्हणून आपण ज्याला तोंड लावतो त्यापेक्षा डोक्यात तिडीक गेली म्हणून तोंड लावतो ते जास्त भरेल, अशी मला दाट शंका आहे. आणि ज्यांना आपल्याला गळाला लावायचंय त्यांना हे आपल्याआधी कळलेलं असतं.

नवी मुंबईत कोहो नाही. हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर रावसाला ‘इंडियन साल्मन’ म्हणतात, पण त्या दोघांचं साधं दूरचं नातंसुद्धा नाही. इथल्या खाडीत गळवाल्याला झुलवणारा मासा म्हणजे जिताडा. त्याचा प्रवास कोहोच्या बरोबर उलटा. वीण खाऱ्या पाण्यात, खाडीच्या मुखापाशी, पावसाळ्याच्या सुमाराला. पिल्लं मग तिवरांत, खाजणांत, खारबांधाच्या आतल्या शेततळ्यांत शिरतात आणि गोड्या-मचूळ पाण्यात वाढतात. पनवेल-पेण-अलिबागच्या खारपट्ट्यात तळ्यातला जिताडा ही घराण्याच्या इभ्रतीची गोष्ट. साहेबाकडे काम अडलं की पाटीतून काय जायचं, यावरचे किस्से रायगडात कुणालाही विचारा. आणखी एक गंमत म्हणजे जिताडा आधी नर असतो आणि काही वर्षांनी, अंगाने भरला की, मादी होतो. म्हणजे फोटो काढून मिरवण्याजोगा जो अजस्र जिताडा, ती बहुधा लाखो अंडी पोटात वागवणारी बाई असते. हे कळल्यावर काही गळवाले मोठा मासा परत सोडतात. सगळे नाही सोडत. त्याच्या कालवणाची चव लक्षात घेता मी त्यांना नावं ठेवणार नाही.

जिताड्याचं जठर शाबूत असतं. तो नाही म्हणतो ते वेळेसाठी. पुलाच्या खांबामागे, जेट्टीच्या सावलीत, तिवरांच्या मुळांशी, जिथं प्रवाह अडून पाणी जरा मंद होतं तिथं तो ओढीकडे तोंड करून दबा धरतो. पाणी वाहू लागलं की त्यासोबत कोळंबी, बारकी बोय वाहत येते. हा जागचा फारसा हलत नाही, नुसता जबडा उघडतो आणि पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. पाणी थांबलं की जिताडाही थांबला. भरती पूर्ण होऊन ओहोटी लागेपर्यंतच्या त्या मधल्या वेळात त्याच्या नाकासमोर सोन्याची कोळंबी नाचवा, उपयोग नाही. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार झालं की तो आणखी आळसावतो.

म्हणून इथल्या गळवाल्याला आमिषाआधी पंचांग लागतं. कोकणातला हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमाराला भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण डबा बांधून निघायला पुरतं. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला मुंबईजवळ पाणी साडेचार मीटरच्याही वर चढतं आणि तळाचा गाळ ढवळून काढतं. अष्टमीच्या आगेमागे भांगाची भरती, तेव्हा ओढ कमी आणि पाणी त्या मानाने निवळ. खोटं रबरी आमिष ओढणाऱ्याला निवळ पाणी हवं, कारण मासा बघून धरणार. गढूळ पाण्यात जिवंत कोळंबी बरी, ती हलते, वास येतो.

सारसोळेच्या जेट्टीवर एका रविवारी एक पोरगा ती कोळंबी गळाला लावत होता ते मी जवळून पाहिलं. आयटीतला असावा, गळ्यात कंपनीची पट्टी तशीच होती. कोळंबी डाव्या चिमटीत धरून त्याने तिच्या डोक्यावरचा करवती काटा चाचपला. त्या काट्याच्या मुळाशी, पारदर्शक कवचाआड एक काळा ठिपका दिसतो. गळाचं टोक त्या ठिपक्याच्या पुढून अलगद आरपार घालायचं. ठिपक्याला लागलं तर कोळंबी तिथंच संपली. न लागलं तर ती गळावर बराच वेळ पाय मारत राहते. मग त्याने मुख्य दोरीच्या टोकाला हातभर जाड तंगूस बांधला. जिताड्याच्या कल्ल्यावरच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, एका हिसड्यात पातळ दोरी कापते. हे सगळं तो मान खाली घालून, कुणाशीही न बोलता करत होता. आठवडाभर याच हातांनी कळफलक बडवला असेल असं वाटेना.

गळ टाकणारा आणि जाळं टाकणारा, दोघं एकाच खाडीत, पण त्यांचे व्यवहार वेगळे. डोल लावणारा कोळी माशाच्या मर्जीचा विचार करत नाही. त्याला ओढ कळते. ओढीच्या तोंडावर जाळं लावलं की मासा भुकेला असो, तृप्त असो, चिडलेला असो, पाणी त्याला आणून घालतं. पाग टाकणाऱ्याचंही तेच, मासा फक्त वर्तुळात असायला हवा. गळवाल्याला मात्र माशाने होकार द्यावा लागतो. एका माशाच्या मनात शिरायला त्याला अख्खा दिवस घालवायचा असतो आणि तो घालवणं त्याला परवडतं. माझ्या मते हे रिकामटेकडेपण आहे, पण फार वरच्या दर्जाचं. दुसऱ्याची भूक, राग, वेळ यांचा इतका बारीक विचार आपण घरातल्या माणसाचाही करत नाही.

त्या पोराला तासाभरात काही लागलं नाही. त्याने कोळंबी काढली, खोका उघडून हिरवा रबरी मासा लावला, मग हिरवा काढून पांढरा, मग पांढरा काढून सोनेरी. रंग चुकतोय, असं तो मला म्हणाला. पाणी अजून हवं तसं ओढ घेत नाहीये, असंही म्हणाला. तेवढ्यात एक म्हातारे कोळीदादा होडी लावून वर आले. त्यांनी जाळं जेट्टीवर पालथं केलं. आधी प्लॅस्टिकच्या पिशव्या निघाल्या, मग गुटख्याच्या पुड्या, दुधाची पाकिटं, एक चप्पल, देवाला वाहिलेल्या हाराचा दोरा. मग मूठ-दोन मूठ जवळा, एक चिंबोरी आणि चार-पाच बोया, त्यांतल्या दोन अजून उडत होत्या.

मी विचारलं, ‘काका, जिताडा लागतो का हल्ली?’

‘खारीन मासा रेलाय कुठं आता?’ ते म्हणाले. प्लॅस्टिक निवडणं चालूच.

यापुढचं त्यांनी सांगायची गरज नव्हती. ठाणे-बेलापूर पट्ट्यात 1960च्या दशकापासून कारखाने आले, पैकी रसायनांचे बरेच. 1970मध्ये सिडको आली, 95 गावांच्या जमिनींवर शहर उभं राहिलं. सांडपाणी खाडीत, भराव खाजणात. वाशीला आधी एक पूल होता, आता रस्त्याचे तीन आणि रेल्वेचा वेगळा, आणि दक्षिणेला 2024पासून अटल सेतू. खाडीच्या ठाण्याकडच्या भागात 2015पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, 2022मध्ये त्याला रामसरचा दर्जाही मिळाला, आणि पक्षी खरोखर देखणे आहेत. पण फ्लेमिंगो जगतो चिखलातल्या शेवाळावर आणि बारक्या जिवांवर. तो आला म्हणजे जिताडा परत आला, असा हिशेब होत नाही.

गळवाला म्हणतो, मासा लागत नाही. कोळी म्हणतो, मासा नाही. जेट्टीवर दोघांमध्ये दहा पावलांचं अंतर होतं. खडूस माशासाठी युक्त्या असतात, त्यासाठी तिकडे कोहोवाल्यांचे खोकेच्या खोके भरलेले असतात. नसलेल्या माशाला कुठला रंग दाखवणार? पोराची सोनेरी फेक एकीकडे चालू होती आणि मला ती बघवतही होती, हे खरं. कारण तो खुळा नव्हता. मागच्या पावसाळ्यानंतर याच जेट्टीवर त्याला एक जिताडा लागला होता, त्याने मोबाईलवर फोटो दाखवला, चांगला हातभर. म्हणजे मासा अगदीच संपलेला नाही. कमी झालाय, आणि जो उरलाय तो आपली वेळ बघून तोंड उघडतो. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात, पण काका आणि तो पोरगा दोघांनाही दुसऱ्याची गोष्ट ऐकायला सवड नव्हती.

काकांनी फोटो मात्र पाहिला. मोबाईल लांब धरून, डोळे बारीक करून. ‘येवरा?’ म्हणाले. मग वाकून उडणाऱ्या बोयांपैकी एक उचलली, पोराच्या बादलीत टाकली आणि त्या सोनेरी रबराकडे बघत म्हणाले, ‘यो काड. ही लाव.’

आणि दहा रुपये घेतले.