वेदनेचा पुरावा कोणी द्यायचा?



एखाद्याचा पाय मोडला तर प्लास्टर पाहून आपण उठून त्याला जागा देतो. ताप आला तर थर्मामीटर साक्ष देतो. पण ज्या दुखण्याला जखम नाही, सूज नाही, रक्ताच्या तपासणीतही ज्याची नोंद नाही, त्या दुखण्याची साक्ष कोणी द्यायची? दुखणाऱ्याने पुरावा आणावा, की ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा? हा प्रश्न वरवर वैद्यकाचा वाटतो. वस्तुतः तो आपल्या ईमानाचा आणि अखलाकाचा आहे.

आमच्या थोरल्या भगिनी पाटण येथे राहतात. घरात आम्ही सर्व त्यांना आपा म्हणतो. काही वर्षांपूर्वी चांदरातीला बांगड्या भरताना बांगडीवालीने हात दाबला आणि आपांच्या डोळ्यांत पाणी आले. मग हळूहळू लक्षात येऊ लागले, की नातवाने गळ्यात मिठी मारली तरी त्यांचे खांदे ठणकतात. दंडावर बोट टेकवले तरी मुका मार लागल्यासारखे दुखते. रात्री झोप लागत नाही आणि फजरला उठताना सारे अंग आंबलेले असते. कराडला तपासण्या झाल्या. एक्स-रे स्वच्छ निघाला, थायरॉइड ठीक, रक्तात दोष नाही. ‘काही नाही’ हे दोन शब्द घेऊन त्या घरी परतल्या आणि त्यांची खरी परीक्षा तेथून सुरू झाली.

कोणी म्हणाले, नजर लागली. कोणी म्हणाले, काम टाळण्याचे निमित्त आहे. महिलांच्या इज्तेमात चटईवर बसवेना म्हणून त्यांनी जाणे सोडले, तेव्हा ईमान कमजोर झाल्याचीही कुजबुज झाली. आणि आम्ही? आम्ही त्यांना सब्रवर प्रवचन दिले. ‘आपा, इबादतीत मन गुंतवा, दुखणे विसराल,’ असे सांगितले. त्यानंतर त्यांनी आम्हांला काही सांगणेच बंद केले. आम्ही समजलो, त्यांना बरे वाटू लागले आहे. हा आमचा गुन्हा होता. आपल्या घरात तो घडू नये म्हणून येथे कबूल करीत आहोत.

पुढे पुण्यातील एका संधिवाततज्ज्ञांनी या दुखण्याचे नाव सांगितले : फायब्रोमायाल्जिया. या विकारात स्नायू वा सांधे झिजलेले नसतात; मज्जासंस्था वेदनेचा संदेश वाढवून मेंदूपर्यंत पोहोचवते. जो स्पर्श इतरांना नुसता स्पर्श वाटतो, तोच या रुग्णाला घाव वाटतो. हा विकार स्त्रियांमध्ये अधिक आढळतो. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेने १९९० साली याचे निकष ठरविले, तेव्हा शरीरावरील १८ ठरावीक जागा सुमारे चार किलो भाराने दाबून पाहत आणि त्यांपैकी ११ जागी दुखल्यास निदान करीत. २०१० मध्ये नवे निकष आले. त्यांत या जागा दाबून मोजणे वगळले गेले आणि दुखणे शरीराच्या किती भागांत आहे, झोप कशी लागते, थकवा किती येतो, हे रुग्णालाच विचारण्यावर भर आला. म्हणजे येथे वैद्यकशास्त्रानेही रुग्णाचा शब्द हाच मुख्य पुरावा मानला.

आणि हे दुखणे एकट्या आपांचे नाही. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. शंभरांतील सुमारे अठरा जणांना सांध्यांचे वा स्नायूंचे दुखणे होते आणि त्यांपैकी पुष्कळांच्या दुखण्याला संधिवाताच्या कोणत्याही ठरलेल्या प्रकाराचे नाव देता येत नव्हते. आपल्या मोहल्ल्यात अशी माणसे नसतील, असे कोण म्हणेल?

पाटणच्या लोकांना एक गोष्ट वेगळी समजवावी लागणार नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाने कोयनेचे खोरे हादरले आणि तेव्हापासून या भागात लहान धक्के बसतच आले आहेत. रात्री सौम्य धक्का बसतो. जो जागा असतो तो सकाळी सांगतो; जो झोपलेला असतो तो म्हणतो, ‘मला तर काही जाणवले नाही.’ भिंतीला तडा गेलेला नसतो. म्हणून जागा असलेला माणूस खोटे बोलला काय?

आता आपल्या दीनकडे पाहू या. हजरत उस्मान बिन अबुल आस (रजि.) यांनी प्रेषित (स.) यांच्याकडे आपल्या अंगातील दुखण्याची तक्रार केली. प्रेषितांनी (स.) त्यांच्याकडे खूण मागितली नाही. दुखत असेल तेथे हात ठेवून अल्लाहचे नाव घ्या आणि त्याचा आश्रय मागा, असे शिकविले. जागा कोणती, हे दुखणाऱ्यानेच ठरवायचे होते.

दुसरा प्रसंग अधिक गंभीर आहे. युद्धात एका माणसाने कलिमा उच्चारला, तरी तो भीतीपोटी बोलला असे समजून हजरत उसामा (रजि.) यांनी त्याला ठार केले. हे कळताच प्रेषित (स.) अत्यंत व्यथित झाले. त्याचे काळीज चिरून तू पाहिलेस काय, अशा अर्थाचा प्रश्न त्यांनी केला. विचार करा, रणांगणातील अनोळखी माणसाच्या शब्दावर संशय घेण्याची मुभा नसेल, तर स्वतःच्या बहिणीच्या, सुनेच्या, आईच्या शब्दावर ती कोठून मिळणार? सूरह हुजुरातमध्ये अल्लाहने श्रद्धावंतांना अति संशयापासून दूर राहण्यास सांगितले आहे, कारण काही संशय हे पाप असतात.

आपण म्हणाल, कोणी खरोखरच निमित्त करीत असेल तर? असेलही. त्याचा हिशेब अल्लाहकडे आहे. पण खोट्यावर विश्वास ठेवून आपले थोडे श्रम वाया जातील. खऱ्यावर अविश्वास दाखवून आपण एका पीडिताला एकटे पाडू. या दोन चुका सारख्या नाहीत.

ज्यांना असे दुखणे आहे, त्या बंधू-भगिनींनाही दोन शब्द. सब्र म्हणजे मौन नव्हे. हजरत अय्यूब (अलै.) यांनी आपल्या पालनकर्त्याला हाक मारून सांगितले, की मला व्याधीने ग्रासले आहे, ती हाक सूरह अंबियात आहे. आणि सूरह सादमध्ये अल्लाहने त्यांनाच धैर्यशील म्हटले आहे. हजरत इम्रान बिन हुसैन (रजि.) यांना मूळव्याध होती. त्यांना प्रेषितांनी (स.) उभ्याने नमाज पढण्यास सांगितले, ते न जमल्यास बसून आणि तेही न जमल्यास कुशीवर पडून. म्हणून सजद्यात गुडघे व तळवे टेकवणे असह्य होत असेल तर खुर्चीवर बसून नमाज पढण्यात कमीपणा नाही. ती अल्लाहने दिलेली सवलत आहे. दुआ करा आणि औषधही घ्या. प्रथम दुसरा आजार नाही याची डॉक्टरांकडून खात्री करून घ्यावी. मग झोपेची शिस्त, रोज थोडे थोडे वाढवत नेलेले चालणे व हलका व्यायाम आणि डॉक्टरांनी सुचविलेली औषधे, यांनी दुखणे समूळ गेले नाही तरी पुष्कळांना दिवस सुसह्य होतो.

गेल्या ईदला आम्ही आपांकडे गेलो. ‘आपा, आज कोठे दुखते आहे?’ एवढेच विचारले. त्या बराच वेळ बोलत राहिल्या, आम्ही ऐकत राहिलो. दुखणे तितकेच होते. निघताना त्या म्हणाल्या, ‘भाई, आज हलके वाटले.’

प्रेषितांनी (स.) श्रद्धावंतांना एका देहाची उपमा दिली आहे : एक अवयव दुखला की सारा देह तापाने व जागरणाने त्याला साथ देतो. देहाचा दुसरा अवयव कधी पुरावा मागत नाही. आज आपल्या घरात ज्याचे दुखणे कोणाला दिसत नाही, त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा.

अल्लाह सर्व पीडितांना शिफा देवो आणि आम्हांला त्यांचे ऐकणारे कान देवो. आमीन.